न सांगितलेल्या अर्थाची पारख

कवितेत स्पष्ट न मांडलेला विचार तिचं मूल्य ठरवताना धरावा का? नवव्या शतकात, अवंतिवर्म्याच्या काश्मीरमध्ये, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त याचं ठाम उत्तर दिलं: काव्याचा आत्माच तिथे आहे. या निष्कर्षामागचा विचार क्रमाने पाहू.

शब्दाची पहिली शक्ती अभिधा. तिने सरळ, वाच्य अर्थ कळतो. दुसरी लक्षणा. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे’ हे शास्त्रातलं नेहमीचं उदाहरण. प्रवाहावर वस्ती कशी असेल? वाच्य अर्थ अडतो, म्हणून आपण ‘गंगेच्या काठी’ असं समजतो. मग थेट ‘काठी’ का म्हटलं नाही? कारण ‘गंगेवर’ म्हणताच त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्यही जाणवतं. ते कुठल्याच शब्दात सांगितलेलं नाही, तरी पोचतं. ही तिसरी शक्ती, व्यंजना. तिने कळणारा तो व्यंग्यार्थ.

मग ज्याला जे वाटेल तो अर्थ मानायचा का? मुळीच नाही. पुढे ‘काव्यप्रकाशा’त मम्मट या काव्यशास्त्रकाराने बंधनं नोंदवली आहेत: कोण बोलतो, कोणाशी, कोणत्या स्वरात, कोणत्या प्रसंगी, कुठे, केव्हा. ‘सूर्य मावळला’ हे वाक्य गुराख्याला उद्देशून असेल तर गुरं घरी वळव, मजुराला असेल तर काम थांबव, प्रियकराची वाट पाहणारीला असेल तर तो अजून आला नाही. शब्द तेच, संदर्भ बदलला की व्यंग्य बदलतं.

या व्यंग्यावरूनच काव्याची प्रत ठरते. व्यंग्य वाच्याहून वरचढ असेल तर काव्य उत्तम, ते गौण असेल तर मध्यम, आणि नुसती शब्दार्थांची कारागिरी असेल तर कनिष्ठ. रस, म्हणजे काव्यातून अनुभवाला येणारा भाव, तर नाव घेऊन उभाच राहत नाही. कवीने ‘शोक’ शब्द कितीदा लिहिला तरी वाचक हेलावत नाही. त्यासाठी प्रसंग, माणसं, त्यांचं वागणं डोळ्यांसमोर यावं लागतं.

म्हणून मला मनातच राहिलेला आणि न सांगता पोचलेला विचार यांतला भेद मोलाचा वाटतो. कवीच्या मनातच राहिलेला विचार कितीही थोर असला तरी तो कवितेच्या खात्यावर जमा होत नाही. शब्दांनी न सांगता पोचवलेला विचार मात्र पूर्ण जमा होतो. कवितेत खोल आशय आहे असं कोणी म्हणालं, तर तो कोणत्या शब्दामुळे, कोणत्या संदर्भामुळे जाणवला, हे त्याला दाखवता आलं पाहिजे.