बुरशीशी लढणाऱ्या इवल्या पुरचुंड्या

भिंतीला ओल धरली किंवा भाकरी दोन दिवस डब्यात राहिली की बुरशी डोळ्यांना दिसते. न दिसणारी बुरशी मात्र हवेत कायमच असते. ‘अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस’ या बुरशीचे बीजाणू अवघे दोन-तीन मायक्रॉनचे. श्वासाबरोबर ते रोज शेकड्यांनी फुप्फुसात जातात. तरीही बहुतेकांना काहीच होत नाही.

याचे श्रेय आपल्या पांढऱ्या पेशींना. त्यांतल्या न्यूट्रोफिल पेशी बीजाणू गिळून टाकतात. पण बीजाणूला कोंब फुटून त्याचा लांबलचक तंतू झाला, तर तो एका पेशीच्या तोंडात मावत नाही. मग ती काय करते? तिच्याकडे अनेक हत्यारे आहेत. त्यांतले एक अलीकडेच ध्यानात आले.

जर्मनीतील येना येथील शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसाच्या न्यूट्रोफिल पेशी या बुरशीसमोर ठेवल्या. तेव्हा पेशींनी आवरणात बांधलेल्या अतिसूक्ष्म पुरचुंड्या बाहेर सोडल्या. शास्त्रीय भाषेत त्यांना ‘व्हेसिकल’ म्हणतात. त्यांत ‘कॅथेप्सिन जी’, ‘अझुरोसिडिन’ अशी जंतुनाशक प्रथिने ठासून भरलेली होती. पुरचुंड्या बुरशीला चिकटल्या, काही तर तंतूच्या आत शिरल्या. बुरशीची पेशीभित्तिका बिघडली आणि पुरचुंड्या जितक्या जास्त, तितका परिणाम जास्त दिसला. बुरशीचा वाण बदलला की पुरचुंडीतला ऐवजही बदलत होता. म्हणजे पेशी शत्रू पाहून शिदोरी बांधते!

हे सारे प्रयोगशाळेतले आहे. यातून लगेच औषध तयार होणार नाही. तरीही अशा संशोधनाची गरज मोठी आहे. बुरशीवरच्या औषधांचे प्रकार मोजकेच आहेत आणि अ‍ॅम्फोटेरिसिनसारखे प्रभावी औषध मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये घातक बुरशींची यादी काढली. तीत 19 बुरशी आहेत आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत गंभीर गटात आहे.

रक्ताच्या कर्करोगात किंवा केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल कमी होतात. अनियंत्रित मधुमेहात आणि स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेमुळे संख्या पुरेशी असूनही त्यांची धार बोथट होते. 2021 मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसने आपल्याकडे घातलेला धुमाकूळ आठवा. ती बुरशी वेगळी, पण तिला वाट मिळाली ती याच कारणांनी.

म्हणून साखर आटोक्यात ठेवा. दुकानातून परस्पर स्टेरॉइड घेऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेले मनानेच बंदही करू नका. घरातली ओल काढा. क्षयरोग बरा झाल्यावर पुन्हा खोकला सुरू झाला, थुंकीतून रक्त पडले, तर तो दर वेळी क्षयच असेल असे नाही. जुन्या पोकळीत ही बुरशी घर करते. अशा वेळी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घ्या आणि बुरशीची शंका डॉक्टरांना जरूर विचारा.