अंतरपाटाच्या एकाच बाजूला

पहाटे ५.३०. संभाजी तलाव. प्री-वेडिंगचं जोडपं वेळेवर हजर आहे, हे विशेष. सोलापूरच्या उन्हाळ्यात आठनंतर चेहऱ्यावर चांगला उजेड मिळत नाही, म्हणून ही घाई. सूर्य त्यांच्या पाठीशी ठेवून लाँग शॉट घेतो: पाणी मोठं, माणसं लहान. २०१६ साली ‘सैराट’ आला तेव्हापासून प्रत्येक जोडीला स्लो मोशनमध्ये पळायचं असतं. नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, त्यामुळं हट्ट जरा जास्तच. सिनेमाचा शेवट कुणी काढत नाही, ते बरंय.

८.३०. जुळे सोलापुरातलं मंगल कार्यालय. आधी स्टेजची उंची बघायची. खाली उभं राहून शूट केलं तर सगळा लग्नसोहळा लो अँगल होतो आणि नवरीच्या हनुवटीखालून नाकपुड्या दिसतात. म्हणून समोर चौथरा मागून घेतो, लेन्स नवरा-नवरीच्या डोळ्यांच्या पातळीत येईल इतका. डेकोरेशनवाला कुरकुरतो, पण देतो. लो अँगलनं माणूस मोठा दिसतो हे शाळेत जाऊन शिकावं लागत नाही. पुढारी आले की त्यांच्याबरोबरचं पोरगं आपोआप गुडघ्यावर बसून मोबाईल वर रोखतं.

१०.००. हळद, मग आहेर. इथं कलाकुसर नाही. आत्या, मामी, चुलत आजोबा, सगळे पायांपासून डोक्यापर्यंत फ्रेममध्ये हवेत. एखाद्याचा हात कापला गेला तर तो वर्षभर ऐकवतो. आणि सगळे थेट कॅमेऱ्यात बघतात. सिनेमात कुणी असं बघितलं तर त्याला कारण लागतं. मंजुळेंच्याच ‘फँड्री’च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ लेन्सवर येतो आणि तोवर आरामात बसलेल्या प्रेक्षकाला लागतो. आमच्याकडं मामा कॅमेऱ्यात बघून मिशीवर हात फिरवतात.

१२.३८. मुहूर्त. दिवसाचं खरं काम एवढंच, आणि याला रीटेक नाही. अंतरपाट धरला की नवरा एका बाजूला, नवरी दुसऱ्या. दोघांना जोडणारी एक रेघ मनात आखायची आणि सगळे कॅमेरे त्या रेघेच्या एकाच अंगाला ठेवायचे. मधला ट्रायपॉडवर, दोघं आणि पाट एकत्र दाखवणारा. दुसरा नवऱ्याच्या खांद्यावरून नवरीकडं, तिसरा उलट. रेघ ओलांडून पलीकडून नवरीचा शॉट घेतला तर उजवीकडं बघणारी ती एडिटिंगमध्ये डावीकडं बघायला लागते. नवरा-नवरी एकमेकांकडं नव्हे, दोघं मिळून तिसऱ्याच कुणाकडं बघतायत असं वाटतं. हाताखालचा पोरगा आज फुलांच्या पडद्याच्या मोहानं मागं सरकायला निघाला. “पलीकडं जाऊ नको बे!” मंगलाष्टकांच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही; शेवटी गुरुजींनीच हात करून थांबवला. असली लग्नं त्यांनी माझ्याहून जास्त बघितलीत.

पूर्व भागातल्या पद्मशाली लग्नांतही दोघांमध्ये पडदा असतो, त्यामुळं नियम तोच. पुढं तलंब्रालू सुरू झाले, म्हणजे नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर तांदूळ ओतायला लागले, की मात्र मिड शॉटच हवा. क्लोज-अपमध्ये हात निसटतात, लाँगमध्ये हसणं.

पाट खाली येतो तेव्हा अनुभवी शूटिंगवाला नवरीवर थांबत नाही. मी लांबच्या लेन्सनं तिच्या आईला पकडतो, हॉलच्या दुसऱ्या टोकावरून. जवळ गेलो तर ती पदर सावरते आणि हसायला लागते. व्ही. शांताराम यांनी १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये टेलिफोटो लेन्सनं राजगुरूचा एकच डोळा पडदाभर केला होता. तिथं भीती उभी करायची होती, इथं आईला कळू द्यायचं नाही एवढंच. पण चेहऱ्याचा एक तुकडा बाकी सगळा मंडप पुसून टाकतो, हे दोन्हीकडं खरं.

२.१५. पंगत. वरून एक हाय अँगल, केळीची पानं आणि वाढप्यांची धावपळ. घास घेताना कुणाला शूट करायचं नाही, हा माझा कायदा.

४.३०. पाठवणी. गिंबल बाजूला ठेवतो. रडणारी माणसं तरंगत्या, गुळगुळीत शॉटमध्ये खोटी वाटतात. कॅमेरा खांद्यावर घेतो. थोडा हलला तर हलू दे.

९.००. घरी. कार्डं दोन ड्राइव्हवर उतरवतोय तोच वरपित्यांचा फोन: “दादा, मुहूर्ताची रील आत्ताच टाका की.” रील म्हणजे उभी चौकट. अंतरपाटाचा शॉट आडवा, त्यात तो नीट बसत नाही. एकाला ठेवायचं तर दुसऱ्याला कापावं लागतं. नवऱ्याला ठेवून पाठवली. दहा मिनिटांत वधूपक्षाचा फोन: “आमची मुलगी कुठाय?” आता दुसरी कापतोय, नवरीची. दोन्ही एकाच वेळी टाकायच्या असं ठरलंय.