डब्यातील शिशुआहाराकडून घरच्या अन्नाकडे : पादांशिक क्रमाचा उपयोग

क्षीराद, क्षीरान्नाद आणि अन्नाद या बालकाच्या तीन अवस्था आपण सर्वांनी अभ्यासिल्या आहेत. सांप्रत चिकित्सालयात मात्र एक चौथीच अवस्था आढळते. बालक स्तन्य घेते, डब्यातील तयार धान्यचूर्ण घेते, पण घरात शिजलेले अन्न तोंडात घालताच थुंकते. नऊ-दहा महिन्यांचे मूल घेऊन आलेली माता सांगते, "वैद्यबुवा, भात लावला की ओकारी काढतो, डबा उघडला की हसतो." अशा वेळी 'डबा आजच बंद करा' असे सांगून पाठविणे सोपे असते. परिणाम बहुधा असा होतो की मूल दोन दिवस उपाशी राहते, घरातील वडीलधारी घाबरतात आणि तिसऱ्या दिवशी औषधालयातून नवा डबा येतो. हा बदल शास्त्रोक्त व सुखाने कसा घडवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. येथे विचार आहे तो सहा महिन्यांनंतर पूरक म्हणून दिल्या जाणाऱ्या तयार धान्यचूर्णाचा. स्तन्याऐवजी दिल्या जाणाऱ्या दूधपावडरीचा प्रश्न वेगळा आहे. वर्षाच्या आतील बालकाची ती पावडर बंद करून गाईचे पाणी घातलेले दूध सुरू करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

बालकाचा नकार कोठून येतो? मातेला वाटते की मुलाला 'चव' नको आहे. चवीचा भाग आहेच. तयार चूर्णांपैकी अनेकांत दुधाची भुकटी व साखर असते. भारतात विकल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध शिशुआहारात दर वेळच्या मात्रेमागे सुमारे तीन ग्रॅम अधिक साखर असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका संस्थेने प्रसिद्ध केले, तेव्हा बरीच चर्चा झाली. परंतु आमच्या मते चवीहून मोठे कारण पोत हे आहे. डब्यातील पदार्थ प्रत्येक वेळी सारखाच गुळगुळीत, सारखाच पातळ, सारख्याच वासाचा असतो. जिभेने घास मागे ढकलणे, हिरड्यांनी चिरडणे या क्रियांची त्यात गरजच पडत नाही. सात ते नऊ महिन्यांत हा अभ्यास झाला नाही, तर पुढे कणीदार अन्नाला मूल अडते. म्हणजे हे 'असात्म्य' अन्नाचे नाही, अन्नाच्या स्वरूपाचे आहे. आणि सात्म्य घडविता येते.

सात्म्य कसे घडवावे, याचे उत्तर चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात दिले आहे. सवयीचे झालेले अहितकर एकदम सोडू नये व हितकर एकदम धरू नये, चतुर्थांशाने एक काढावे व चतुर्थांशाने दुसरे घालावे, आणि प्रत्येक पायरीनंतर काही अंतर ठेवावे, हा तो पादांशिक क्रम. अंतराच्या दिवसांविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, तत्त्वाविषयी नाहीत. आपण हा क्रम मद्य, तंबाखू, दिवास्वाप अशा प्रौढांच्या सवयींसाठी शिकतो. बालकाच्या डब्याला तो तितकाच लागू पडतो, हा आमचा अनुभव आहे.

प्रत्यक्षात तो असा लावावा. समजा, बालक दिवसातून तीन वेळा प्रत्येकी चार चमचे डब्यातील चूर्ण घेते. पहिले चार दिवस प्रत्येक वेळी तीन चमचे चूर्ण व एका चमच्याइतकी घरची घट्ट खिमट एकत्र करावी. पुढील चार दिवस दोन व दोन, त्यापुढील चार दिवस एक व तीन, आणि तेराव्या दिवसापासून केवळ घरचे. सकाळी भूक उत्तम असते, म्हणून नवीन प्रमाणाचा प्रारंभ सकाळच्या वेळी करावा. एखादे मूल दुसऱ्या पायरीवर अडते. तेव्हा मागे न जाता त्याच पायरीवर आणखी चार दिवस थांबावे. ज्वर, अतिसार किंवा लसीकरणाचा दिवस असेल तर पायरी बदलू नये. दात येताना मात्र थांबण्याचे कारण नाही, कारण कणीदार घास हिरड्यांना बरा वाटतो.

या क्रमात दोन गोष्टी एकाच वेळी बदलू नयेत, हे मातेला निक्षून सांगावे. पहिल्या आठवड्यात मिश्रणाची चव बदलते, म्हणून पोत जवळपास पूर्वीसारखाच मऊ ठेवावा. चव अंगवळणी पडली की मग गाळणी व मिक्सर बाजूला ठेवून पळीच्या पाठीने चुरावे. पुढे बोटांनी कुसकरावे, आणि आठव्या-नवव्या महिन्यापासून मऊ शिजलेल्या गाजराचा किंवा बटाट्याचा तुकडा बालकाच्या हातीच द्यावा. चमचा-वाटीनेच भरवावे. बाटलीत पेज भरून देणे ही सवय या सर्व प्रयत्नांवर पाणी फिरविते.

घरचे अन्न म्हणजे कोणते? येथे आपल्याच व्यवसायातील एका प्रथेविषयी लिहिणे भाग आहे. काही वैद्यबंधू बालकाला महिनोन्‌महिने मंड व पेया यांवरच ठेवण्यास सांगतात. मंड चौदापट पाण्यात सिद्ध करून गाळलेला, यवागू सहापट पाण्यातील, विलेपी चौपट पाण्यातील व घट्ट, हा भेद आपण जाणतो. संसर्जनक्रम शोधनानंतर क्षीण झालेल्या अग्नीसाठी सांगितला आहे. निरोगी, वाढत्या बालकाचा अग्नी अल्प असतो हे खरे, पण त्याचे पोटही लहान असते. चौदापट पाण्याने ते भरले तर धातूंना पोषण कोठून मिळणार? स्तन्याखेरीज सहा ते आठ महिन्यांत दिवसाला सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० व दुसऱ्या वर्षी ५५० कॅलरी अन्नातून मिळाव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. पेजेच्या निवळीतून हे साधत नाही. तेव्हा मंड दोन-चार दिवस चव लावण्यापुरता, व नंतर त्वरित विलेपीकडे, हा क्रम आम्ही योग्य मानतो. चमचा तिरका केला असता खाली न ओघळणारी खिमट, ही मातेला समजणारी खूण आहे.

पाया म्हणून दोन भाग तांदूळ व एक भाग मुगाची डाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद भाजून जाडसर दळावी. त्याचीच खिमट शिजवून वर चमचाभर तूप घातले की सुमारे ४० कॅलरी वाढतात. तुपाविषयी शहरी पालकांत जी भीती आहे ती या वयात निराधार आहे. हळूहळू लाल भोपळा, पालक, रताळे, मऊ वरणभात, साळीच्या लाह्यांचे पीठ, नाचणी, भिजवलेल्या खजुराचा गर, दही असे वैविध्य आणावे. शेंगदाण्याचे बारीक कूट व चालत असलेल्या घरी पूर्ण शिजलेले अंडे उगीच दोन वर्षांपर्यंत लांबवू नये. अखंड शेंगदाणा, चणा, द्राक्ष मात्र घशात अडकते, ते देऊ नये. मीठ व साखर वर्षापर्यंत नको. 'साखर नाही, गूळ घालतो' असे अभिमानाने सांगणारे पालक भेटतात. त्यांनाही हेच सांगावे. मेतकुटात मीठ-मिरची असते, ते वर्षानंतर.

नाचणीसंबंधी थोडे विस्ताराने. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कोकणात भिजवून, वाटून, गाळून, निवळी टाकून जे सत्त्व वाळवितात ते पचण्यास हलके खरे, पण चोथ्याबरोबर बरेच काही फेकले जाते. त्यापेक्षा मोड आणून, वाळवून, भाजून दळलेले पीठ श्रेयस्कर. मोड आलेल्या धान्याचा आणखी एक गुण आहे. त्यातील पाचक द्रव्य पिष्टाचे विघटन करते, म्हणून घट्ट खिमट पाणी न घालता पातळ होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या पिठावर १९८०च्या दशकात मोलाचे काम झाले. यासाठी मात्र मोडाचे पीठ न भाजता, केवळ उन्हात वाळवून दळावे, कारण भाजल्याने ते पाचक द्रव्य नष्ट होते. घट्ट खिमट चुलीवरून उतरवून किंचित निवू द्यावी, त्यात अर्धा चमचा हे पीठ ढवळावे, पातळ झाल्यावर पुन्हा एक उकळी आणावी. मोडासाठी नाचणी किंवा गहू घ्यावा. ज्वारी मोड आणून वापरू नये, कारण तिच्या कोंबांत सायनाइड उत्पन्न करणारे द्रव्य असते.

आता या बदलातील खरा धोका. डब्यातील चूर्णात लोह मिसळलेले असते, घरच्या भातात नसते. डबा सुटला, वजनही बरे दिसते, आणि चार महिन्यांनी मूल फिकट पडते, असे घडू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या बालकांत रक्ताल्पतेचे प्रमाण देशात ६७.१ टक्के व महाराष्ट्रात ६८.९ टक्के आढळले. म्हणून डबा बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या वैद्यावर लोहाची जबाबदारी येते. मांसाहारी घरात मऊ शिजवलेले मांस किंवा यकृत अल्प प्रमाणात द्यावे. शाकाहारी घरात डाळ-पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब पिळावेत, म्हणजे लोहाचे शोषण वाढते. शिवाय 'ॲनिमिया मुक्त भारत' योजनेतील सिरप (१ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम लोह व १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा देण्याचे धोरण आहे. ते चालू आहे का, हे आशाताईंकडे विचारण्यास मातेला सांगावे. ते चालू असताना आपला लोहकल्प त्यावर जोडू नये. कमी दिवसांचे, कमी वजनाचे किंवा आधीच फिकट असलेले मूल असेल तर प्रथम बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, डब्याची घाई करू नये. प्रत्येक महिन्यास वजन माता-बाल संरक्षण कार्डावरील आलेखात भरावे. दोन महिने रेषा सपाट राहिली तर घरचे अन्न कितीही सात्त्विक असले तरी ते पुरत नाही असे समजावे.

ग्रंथोक्त कल्पांविषयी एक सूचना. स्तन्य सोडविताना द्यावयाचे जे मोदक वाग्भटांनी सांगितले आहेत, त्यांतील प्रीणन मोदकात चारोळी, ज्येष्ठमध, लाजा, खडीसाखर यांबरोबर मध आहे. मधातील सूक्ष्म बीजाणूंमुळे वर्षाच्या आतील बालकास बोट्युलिझम हा पक्षाघातासारखा घातक विकार होऊ शकतो, हे आज सिद्ध आहे. काश्यपांनी सहाव्या महिन्यात फलप्राशन व दहाव्यात अन्नप्राशन सांगितले, सुश्रुतांनी सहाव्यातच लघु अन्न सांगितले. परंपरेत असा विचारभेद पूर्वीपासून आहे. तेव्हा वर्षापर्यंत मध वगळणे यात शास्त्राशी द्रोह नाही. चाटणासाठी मध सुचविण्याची आपली सवयही या वयापुरती सोडावी.

औषधालयचालकांसाठी दोन शब्द. शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांविषयीचा १९९२चा कायदा २००३ मध्ये अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या आहाराची जाहिरात त्याने निषिद्ध आहे, आणि फार्मसी व वैद्यकीय व्यावसायिकांच्या संघटनाही त्याच्या कक्षेत आहेत. दुकानात अशा मालाची प्रसिद्धिपत्रके व फलक लावू नयेत. अशा कंपन्यांकडून संघटनेच्या परिषदेसाठी निधी घेणे याच कायद्यात बसत नाही. काही ठिकाणी हल्ली 'घरगुती सत्त्व' सुट्या पिशवीत बाळांसाठी म्हणून विकले जाते. ते घरगुती असले तरी विक्रीस ठेवताच अन्नसुरक्षेचा परवाना व शिशुपोषणाचे २०२०चे नियम लागू होतात. दमट हवेत अशा पिठाला बुरशी लवकर धरते. ते विकण्यापेक्षा ते करण्याची कृती छापील चिठ्ठीवर देणे बरे. डबा मागणाऱ्या गिऱ्हाईकाला बालकाचे वय व दिवसातील वेळा विचाराव्यात, आणि डबा देतानाच पहिल्या चार दिवसांचे प्रमाण त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावे.