येमेन : एक झेंडा, दोन फौजा

मेसमधल्या टीव्हीवर 'येमेन' हे नाव आलं की आपण दोन मिनिटं बघतो. पडलेल्या इमारती, कमरेला वाकडी कट्यार खोचलेली माणसं, तांबड्या समुद्रात जळणारं एखादं जहाज. मग कुणीतरी म्हणतं, "मॅच लाव रे," आणि विषय संपतो. नोव्हेंबर २०२३ पासून हौथींनी तिथल्या जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा मी फर्स्ट इयरला होते. आमच्या विंगमध्ये एक प्रश्न सारखा यायचा : हे हौथी म्हणजे येमेनचं सरकार का अतिरेकी? याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही'मध्ये बसत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

मित्रांनो, माझी शाळा कॉन्व्हेंट. सगळी हिस्टरी इंग्लिशमध्ये शिकले. सिव्हिल वॉरला मराठीत काय म्हणतात हे बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, 'यादवी'. यादव आपापसात लढून संपले, त्यावरून आलेला शब्द. येमेनबद्दल वाचताना मला हा शब्द फारच अचूक वाटला.

एडनशी आपलं नातं

येमेन आपल्याला वाटतं तेवढं लांबचं नाही. दक्षिणेकडचं एडन बंदर १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीने घेतलं, आणि पुढे नव्वदहून जास्त वर्षं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. १९३७ मध्ये ते हिंदुस्थानच्या कारभारातून पूर्ण वेगळं झालं. आपले वासुदेव बळवंत फडके, पनवेलजवळच्या शिरढोणचे, त्यांना इंग्रजांनी याच एडनच्या तुरुंगात ठेवलं होतं. १८८३ साली तिथेच त्यांचा शेवट झाला. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात एडन आपल्याला भेटलेलं असतं, फक्त ते येमेनमध्ये आहे हे लक्षात राहत नाही.

दोन देश कसे झाले?

उत्तर येमेन म्हणजे डोंगराळ मुलूख. तिथे शिया पंथातल्या झैदी शाखेच्या इमामांचं राज्य होतं. सप्टेंबर १९६२ मध्ये लष्कराने इमामाला हटवून प्रजासत्ताक जाहीर केलं आणि पहिली मोठी यादवी पेटली. इजिप्तच्या नासेरनी प्रजासत्ताकाच्या बाजूने हजारो सैनिक पाठवले, सौदी अरेबियाने इमामाला पैसा आणि शस्त्रं दिली. १९७० पर्यंत हे चाललं. शेवटी प्रजासत्ताक टिकलं.

दक्षिणेत वेगळीच कथा. १९६३ पासून इंग्रजांविरुद्ध सशस्त्र लढा झाला आणि ३० नोव्हेंबर १९६७ ला स्वातंत्र्य मिळालं. नंतर तिथे मार्क्सवादी सरकार आलं. अख्ख्या अरब जगात असं हे एकच राज्य! पण तिथेही यादवीच. १३ जानेवारी १९८६ ला एडनमध्ये पक्षाच्या पॉलिट ब्युरोची मीटिंग होती. अध्यक्षांच्या अंगरक्षकांनी त्या खोलीतच विरोधी गटाच्या नेत्यांवर गोळ्या झाडल्या. पुढचे दहा-बारा दिवस शहरात रणगाडे फिरले, हजारो माणसं मेली.

२२ मे १९९० : जोडणी

सोव्हिएत मदत आटत चालली होती. सीमेलगतच्या भागात तेल सापडलं होतं. दोन्हीकडच्या लोकांनाही एक व्हायचं होतं, हे विसरून चालणार नाही. २२ मे १९९० ला दोन्ही येमेन एक झाले. उत्तरेचे अली अब्दुल्ला सालेह अध्यक्ष, दक्षिणेचे अली सालेम अल-बैद उपाध्यक्ष, राजधानी सना.

आता सिव्हिलवाल्यांना एक गोष्ट सांगायला नको. स्लॅबचं काम मध्येच थांबलं, पहिलं काँक्रीट घट्ट झालं आणि नंतर त्याच्यावर तसंच नवं ओतलं, तर तिथे कोल्ड जॉइंट तयार होतो. वरून प्लास्टर केलं की स्लॅब एकसंध दिसतो. पण पहिल्या मोठ्या पावसात पाणी बरोबर तिथूनच गळतं. जुना थर नीट खरवडून, धुऊन, स्लरी लावून मगच पुढचं काँक्रीट ओतायचं असतं. हे काम कंटाळवाणं असतं, म्हणून साइटवर टाळलं जातं.

येमेनमध्ये हेच टाळलं गेलं. झेंडा एक झाला, संसद एक झाली, पण फौजा दोनच राहिल्या. उलट उत्तरेच्या काही तुकड्या दक्षिणेत आणि दक्षिणेच्या उत्तरेत नेऊन ठेवल्या, प्रत्येकाचे सेनापती मात्र जुनेच. उत्तरेचा रियाल आणि दक्षिणेचा दिनार दोन्ही चालू. त्यात १९९० च्या आखाती पेचात येमेनने इराकविरुद्धच्या लष्करी कारवाईला पाठिंबा दिला नाही, म्हणून सौदीतून लाखो येमेनी कामगारांना परत यावं लागलं. घरी येणारे पैसे एकदम बंद.

एप्रिल १९९३ च्या निवडणुकीत गणित उघडं पडलं. उत्तरेची लोकसंख्या दक्षिणेच्या कितीतरी पट, त्यामुळे दक्षिणेचा समाजवादी पक्ष तिसऱ्या नंबरवर गेला. बैद रुसून एडनला जाऊन बसले. फेब्रुवारी १९९४ मध्ये अम्मानला समझोत्यावर सह्या झाल्या. दोनच महिन्यांनी अम्रान इथे एकाच देशाच्या दोन रणगाडा तुकड्या एकमेकींवर तुटून पडल्या. मेमध्ये उघड युद्ध. २१ मे ला बैद यांनी दक्षिण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, आणि ७ जुलै १९९४ ला एडन पडलं.

जिंकणाऱ्याची चूक

माझ्या मते खरी चूक इथून पुढे झाली. युद्ध जिंकल्यावर सांधा नीट करायची संधी होती. त्याऐवजी दक्षिणेचे हजारो सैनिक आणि सरकारी नोकर घरी बसवले गेले. एडनमधल्या जमिनी सत्तेच्या जवळच्या लोकांनी बळकावल्या. २००७ मध्ये सक्तीने निवृत्त केलेले दक्षिणेचे अधिकारी रस्त्यावर आले. मागणी साधी होती : नोकरी आणि नीट पेन्शन. सरकारने गोळीबाराने उत्तर दिलं, आणि हळूहळू पेन्शनचं आंदोलन स्वतंत्र दक्षिणेचं आंदोलन झालं. फुटीरता अशी जन्माला येते. कुणी एका सकाळी उठून नकाशा फाडत नाही.

तिकडे उत्तर टोकाला, सादा प्रांतात, झैदींचा एक गट दुर्लक्षामुळे आणि सौदी वळणाच्या धर्मप्रचारामुळे चिडलेला होता. हेच हौथी. त्यांचा नेता हुसेन अल-हौथी २००४ मध्ये मारला गेला. २००४ ते २०१० या काळात सरकारची आणि त्यांची सहा युद्धं झाली. प्रत्येक युद्धानंतर हौथी आणखी ताकदवान!

पुन्हा फाटलं

२०११ च्या अरब आंदोलनात सालेहना पायउतार व्हावं लागलं. त्यांचे उपाध्यक्ष हादी अध्यक्ष झाले. वर्षभर राष्ट्रीय संवाद चालला, देशाचे सहा विभाग करायची योजना निघाली. ती हौथींना मान्य नव्हती आणि दक्षिणेतल्या बऱ्याच जणांनाही. २१ सप्टेंबर २०१४ ला हौथींनी सना घेतलं, आणि गंमत म्हणजे त्यांना साथ दिली त्याच सालेहनी, ज्यांनी त्यांच्याशी सहा युद्धं केली होती. २०१७ मध्ये ही दोस्ती तुटली आणि हौथींनीच सालेहना मारलं.

मार्च २०१५ मध्ये सौदीच्या नेतृत्वाखाली हवाई हल्ले सुरू झाले. तेव्हा आपल्या सरकारने 'ऑपरेशन राहत' मध्ये ४,६०० हून जास्त भारतीयांना बाहेर काढलं, शिवाय इतर देशांच्या ९०० हून जास्त लोकांना. त्या कामात आपल्या नौदलाची 'आयएनएस मुंबई' पण होती. केरळच्या कितीतरी नर्सेस तेव्हा परत आल्या.

हौथींविरुद्धची बाजू तरी एक होती का? नाही. २०१७ मध्ये एडनला दक्षिणी संक्रमण परिषद स्थापन झाली, पाठीशी संयुक्त अरब अमिराती. ऑगस्ट २०१९ मध्ये तिने एडन सरकारच्याच हातून घेतलं. मग रियाध करार झाला, २०२२ मध्ये आठ जणांचं अध्यक्षीय मंडळ आलं, त्यात परिषदेलाही जागा मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये तिच्या फौजा हद्रामौत आणि महरा या पूर्वेच्या प्रांतांत घुसल्या, तेव्हा सौदीने विरोध केला, बाँबहल्लेही केले, आणि जिंकलेला भाग काही आठवड्यांत हातचा गेला. हद्रामौतच्या लोकांपैकी अनेकांना सनाचं राज्य नको, पण एडनचंही नको. म्हणजे फुटलेल्या तुकड्यात परत तडा.

किंमत कुणी मोजली?

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२१ अखेरपर्यंत या युद्धात ३ लाख ७७ हजार माणसं गेली. त्यातली साधारण ६० टक्के बंदुकीने किंवा बाँबने नाही, तर भूक, रोगराई आणि औषधं नसल्यामुळे. मरणाऱ्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. आकडा वाचून पुढे जाऊ नका. आपल्या कॉलेजमधली सगळी मुलं-मुली, स्टाफ, वॉचमन, मेसवाले मावशी-काका मोजा, आणि मग हिशोब करा.

आणखी एक गोष्ट. २०१६ मध्ये सेंट्रल बँक दोन झाल्या, एक एडनला, एक सनाला. २०२० च्या सुरुवातीला हौथींनी एडनच्या नव्या नोटा बंद केल्या. तेव्हापासून नाव रियालच, पण दोन शहरांत डॉलरचा भाव वेगवेगळा. एडनचा नोकरदार सनातल्या आईला पैसे पाठवतो, तेव्हा फरकाची मोठी रक्कम वाटेतच जाते.

येमेनमध्ये करार कधीच कमी पडले नाहीत. १९९०, १९९४, २०११, २०१९, २०२२. प्रत्येकात खुर्च्यांची वाटणी झाली. फौज एक करणं, पगार वेळेवर देणं, हरलेल्याला कामावर परत घेणं, ही खरवडून-धुण्याची कामं राहिली. २२ मे १९९० ला एडनमध्ये जन्मलेलं मूल आज पस्तिशीत आहे. त्याच्या जन्माच्या वेळी देशात दोन चलनं आणि दोन फौजा होत्या. आज त्याच्या स्वतःच्या मुलांसाठी तो दूध आणायला जातो, तेव्हाही रियाल दोन आहेत, आणि फौजा तर दोनाहून जास्त.

(थर्ड इयर, सिव्हिल)