नोकरीपत्राचा बाजार

परदेशगमनाची ओढ गुजरातला नवी नाही, बडोद्याला तर नाहीच. नवे आहे ते गिऱ्हाईक. परदेशवासाचा सल्ला पूर्वी डॉक्टर-इंजिनियरांना विकला जात असे. आता स्वयंपाकी, ट्रकचालक आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या मुली यांच्यावरही सल्लागारांची दृष्टी वळली आहे.

याचे कारण दूर अटलांटिकच्या काठी आहे. नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक, न्यूफाउंडलंड आणि प्रिन्स एडवर्ड बेट या कॅनडाच्या प्रांतांतील तरुण मोठ्या शहरांकडे निघून जातात आणि मासळीच्या कारखान्यांना, उपाहारगृहांना, वृद्धाश्रमांना माणसे मिळत नाहीत. म्हणून कॅनडाने २०१७ साली प्रायोगिक तत्त्वावर एक योजना आखली व जानेवारी २०२२ पासून ती कायम केली. प्रांताची मान्यता असलेल्या मालकाने नोकरी देऊ केली, की शालान्त शिक्षण, जुजबी इंग्रजी वा फ्रेंच आणि १,५६० तासांचा अनुभव एवढ्या भांडवलावर सामान्य कामगारालाही स्थायी निवासासाठी अर्ज करता येतो. आखातातील कामगाराला जन्मभर राबूनही जे मिळत नाही, ते येथे कायद्याने मिळू शकते. योजना मुळात चांगली आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु सारे काही मालकाच्या एका कागदावर अवलंबून असले, की त्या कागदाला भाव येतो. नोकरीपत्रांची विक्री कॅनडात इतकी बोकाळली, की मार्च २०२५ मध्ये तेथील सरकारला कुशल कामगारांच्या निवडीत नोकरीपत्राला दिले जाणारे जादा गुण रद्द करावे लागले. नोव्हा स्कोशियात तर नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेण्यास कायद्यानेच बंदी आहे. तरीही जमीन गहाण टाकून ते देणारा भेटतो, कारण ही बंदी त्याला कोणी सांगितलेलीच नसते. आणि स्थायी निवासाचा निर्णय लांबला, तर मधल्या काळात त्याचा परवाना त्याच एका मालकाशी जखडलेला राहतो. कर्ज डोक्यावर असलेला माणस मालकाविरुद्ध तक्रार करील कशी? बोटीवर चढण्यापूर्वी दलालाचे आणि सारंगाचे हात ओले करणाऱ्या आमच्या तारवटींच्या घरांना हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको.

या योजनेतील एक अट मात्र आम्हांला विशेष मोलाची वाटते: येणाऱ्या कुटुंबाच्या वास्तव्याचा आराखडा आधी तयार असला पाहिजे. तिचे मोल बडोद्याइतके कोणाला कळावे! सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, ती दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याच्या करारावर. करार पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्यास आले. नोकरी होती, राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांनी बडोदे सोडले. आश्रयदाता उदार, पण गाव कठोर, असे सातासमुद्रापलीकडेही घडू शकते.

आपल्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने दहावी न झालेल्या कामगारासाठी पूर्वपरवानगीची सक्ती केली, ती प्रामुख्याने आखाती व काही आशियाई-आफ्रिकी देशांपुरती. कॅनडाला जाणारा त्या छत्राबाहेर राहतो. नोंदणीकृत भरती-दलालाने तीस हजार रुपये व कर याहून अधिक घेऊ नये असा नियम आहे. पण ‘आम्ही नोकरी लावत नाही, केवळ सल्ला देतो’ म्हणणारा त्यातून निसटू पाहतो. पंजाबने २०१२ साली अशा सल्लागारांना परवान्याची सक्ती केली. त्या कायद्याचा बरावाईट अनुभव गुजरात व गोवा या दोन्ही सरकारांनी मागवून घ्यावा. तोवर निदान जिल्हाधिकारी कचेरीत एक खिडकी उघडावी, जेथे हातातले नोकरीपत्र दाखवून, तो मालक त्या प्रांताच्या मान्य यादीत आहे की नाही, एवढे तरी पैसे भरण्यापूर्वी विचारता येईल.