रॅम चार जीबीची, दिसते सव्वातीन!

मुलांच्या अभ्यासासाठी जुन्या कॉम्प्युटरमध्ये ४ जीबी रॅम बसवून घेतली आणि पडद्यावर वापरण्याजोगी फक्त ३.२५ जीबी दिसली, की पहिला संशय दुकानदारावर जातो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला घरासारखा क्रमांक लागतो. घरगुती ३२-बिट विंडोजकडे असे ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक असतात. म्हणजे नेमके ४ जीबीपुरते. पण ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड यांनाही त्यातूनच क्रमांक द्यावे लागतात. तेवढी रॅम मग जागेवर असूनही पत्त्याविना पडून राहते. अशा विंडोजवर ८ जीबी घालणे म्हणजे पैसे पाण्यात!

उपाय ६४-बिट विंडोजचा, मात्र प्रोसेसरही ६४-बिट हवा. 'सिस्टिम टाइप'मध्ये दोन्ही कळते, खरेदीआधीच पाहा. ३२ वरून ६४ वर जाताना विंडोज नव्याने टाकावी लागते, म्हणून लग्नाचे फोटो आणि मुलांच्या नोट्स आधी पेनड्राइव्हवर घ्या. (हे कुणी सांगत नाही!) त्यानंतरही थोडी रॅम कमी दिसली तर घाबरू नका. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल, तर पडद्यावरचे चित्र उमटवण्यासाठी तेवढी राखून ठेवलेली असते.