दगडातून उमटलेले देव

होस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावून बघा. टेबलावर, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला, नाहीतर पाकिटात जपून ठेवलेला देवाचा एक तरी फोटो सापडतोच. (सबमिशनच्या आठवड्यात तर अट्टल नास्तिकाच्या टेबलावरही!) आपण त्याला सहज 'फोटो' म्हणतो. पण देव काही कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नव्हते. मग कमळावर उभी असलेली, दोन हातांत कमळं घेतलेली, शेजारी हत्ती असलेली लक्ष्मी 'अशीच' दिसते, हे आपल्याला कुणी सांगितलं?

या प्रश्नाच्या उत्तरात थोडी केमिस्ट्री आहे, बरंच प्रॉडक्शन इंजिनिअरिंग आहे आणि लोहगडाच्या ट्रेकला जाताना आपण जिथे लोकलमधून उतरतो ते मळवली स्टेशनही आहे!

आधी चित्रं साहेबासाठी

भारतातल्या देवळांची आणि लोकजीवनाची छापील चित्रं सुरुवातीला आपल्यासाठी नव्हतीच. थॉमस आणि विल्यम डॅनिएल हे इंग्रज काका-पुतणे १७८६ साली भारतात आले, सात-आठ वर्षं देशभर हिंडले आणि परत जाऊन त्यांनी लंडनमध्ये १४४ चित्रांचा संच छापला. देवळं, घाट, लेणी सगळं त्यात आहे. वेरूळच्या लेण्यांची चित्रं मात्र जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली. हा वेल्स पेशव्यांच्या पुण्यात राहिला होता आणि गंगाराम तांबट हा मराठी चित्रकार त्याच्या बरोबरीने काम करत होता. पण ही चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायची आणि हाताने रंगवायची. किंमत एवढी की घेणारे श्रीमंत इंग्रजच. पुण्यातल्या साध्या माणसाच्या भिंतीवर ती येणं शक्यच नव्हतं.

तेल आणि पाण्याचं भांडण

चित्र स्वस्त केलं ते शिळाछापाने, म्हणजे लिथोग्राफीने. १७९६ च्या सुमारास जर्मनीत अलॉयस सेनेफेल्डर याने हे तंत्र शोधलं. तत्त्व आपल्या आजीलाही माहीत असलेलं: तेल आणि पाणी एकत्र येत नाही.

एक गुळगुळीत घासलेला चुनखडीचा दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग डिंक आणि अगदी सौम्य नायट्रिक अ‍ॅसिड यांचं मिश्रण फिरवायचं. खडूतल्या स्निग्ध पदार्थाची दगडातल्या कॅल्शियमशी क्रिया होऊन पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. तो भाग शाई धरतो. बाकीच्या भागावर डिंकाचा पातळ थर बसतो, तो पाणी धरतो. आता दगड ओला करून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर लागते. वर कागद ठेवून दाबला की झाली प्रत! दगडावर ना उंचवटा, ना खोबण. सगळा खेळ रसायनांचा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली याच तंत्राने मराठी पंचांग छापलं होतं.

एक गंमत लक्षात आली का? छापताना चित्र उलटं होतं. म्हणजे दगडावर सगळं आरशातल्यासारखं काढायला हवं. कारागीर विसरला तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होणार! आणि उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं किती कडक, हे कोणत्याही मराठी घरात विचारा.

रंगीत चित्राला तर प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. दहा-बारा दगड, कधी त्याहूनही जास्त. एक रंग छापायचा, वाळू द्यायचा, मग तोच कागद पुढच्या दगडावर नेमका त्याच जागी बसवायचा. केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर! त्यात कागद दमट हवेत फुगतो. टॉलरन्सची गणितं सोडवताना कंटाळणाऱ्यांनी जरा कल्पना करा, एका लक्ष्मीमागे किती अलाइनमेंट असायची.

पुणे, गिरगाव, मळवली

१८७८ साली 'निबंधमाला'कार विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. रामपंचायतन, शिवाजी महाराज, नाना फडणवीस अशी रंगीत चित्रं तिथून बाहेर पडली. देव आणि इतिहासपुरुष एकाच भिंतीवर शेजारी शेजारी आले, हे काही योगायोगाने झालं नाही. स्वाभिमान जागवायचा तर लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी हवं, हे त्या मंडळींनी ओळखलं होतं.

मग आले केरळातल्या किळीमानूरचे राजा रविवर्मा (१८४८-१९०६). बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पौराणिक प्रसंगांची १४ तैलचित्रं केली. पण राजवाड्यातलं चित्र किती जण बघणार? १८९४ साली त्यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि शतक संपता संपता छापखाना मळवलीजवळ हलला. धंदा तोट्यात गेल्यावर तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानेच विकत घेतला. पुढे चित्रपटमहर्षी झालेल्या दादासाहेब फाळक्यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केलं होतं. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मधल्या पोशाखांत आणि उभं राहण्याच्या ढबीत रविवर्मा दिसतात, ते उगाच नाही. हा छापखाना १९७२ साली आगीत नष्ट झाला.

मिळालं काय, गेलं काय?

मिळालेली गोष्ट मोठी आहे. त्या काळी देवळाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरचा विठ्ठल सर्वांसाठी खुला व्हावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. छापील चित्राला मात्र कुणी उंबऱ्यावर अडवू शकत नव्हतं. पैसे द्या, घरी न्या, खिळा ठोका. एवढी समता त्या काळात एका यंत्राने आणली.

आणि गेलं काय, तर विविधता. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतले राम-सीता बघा: टपोरे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, जाड रेषा. असे देव गावोगावी वेगळे होते. नट-बोल्टचं स्टँडर्डायझेशन होतं तसं देवांच्या चेहऱ्यांचं झालं. रविवर्म्यांची कला फार पाश्चात्त्य आहे अशी टीका बंगालच्या कलावंतांनी आणि समीक्षकांनी केली, पण तोवर तोच चेहरा कॅलेंडरवर, साबणाच्या जाहिरातीत आणि देवघरात जाऊन बसला होता. आजची लक्ष्मी त्याच साच्यातली आहे. चेहरा सुंदर आहे यात शंका नाही; पण तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने निवडलेला आहे, एवढं माहीत असावं.

भिंग घ्या आणि बघा

आता प्रॅक्टिकल! घरी जुनं चित्र असेल तर फिजिक्स लॅबमधल्यासारखं भिंग घेऊन ते बघा. आजच्या ऑफसेट छपाईत (तीही तेल-पाण्याच्याच तत्त्वावर चालते, फक्त दगडाऐवजी धातूची प्लेट) निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे ठिपके नियमित जाळीत दिसतात. शिळाछापात ठिपके हाताने दिलेले, म्हणून लहान-मोठे आणि वेडेवाकडे. रंगही चारपेक्षा जास्त. खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव सापडलं तर सोन्याहून पिवळं.

दिवाळीच्या साफसफाईत अशा जुन्या तसबिरी काच फुटली म्हणून पिंपळाखाली ठेवल्या जातात, नाहीतर नदीत सोडल्या जातात. घरच्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता एवढंच सांगा, की काच नवी बसवता येते. चित्र उन्हापासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवा, स्वतः चिकटपट्टी लावू नका आणि मागच्या पुठ्ठ्यावर कुणी तारीख किंवा नाव लिहिलं असेल तर तो पुठ्ठाही टाकू नका. दगड घासून पुन्हा वापरले गेले, छापखाना जळाला. उरल्यात त्या फक्त घराघरांतल्या या प्रती.